जिंकायचे असेल तर आधी पाय शिकवा

पावसाळा सरत आला की शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट. जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. ग्रामीण भागातल्या किंवा शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातल्या शाळेचा बास्केटबॉल संघ या स्पर्धेला कसा येतो, हे ज्याने दोन-तीन वर्षे पाहिले त्याला पुढचे सांगावे लागत नाही. आठ दिवस आधी यादी निघते. वर्गातला सर्वांत उंच मुलगा पहिला घेतला जातो. क्रिकेटमध्ये हात चालतो म्हणून दोघे, कबड्डीत दम आहे म्हणून दोघे. उरलेले सरांच्या ओळखीचे. पहिल्या फेरीत समोर शहरातली इंग्रजी शाळा येते आणि अर्ध्या वेळेपर्यंत निकाल लागलेला असतो.

परतीच्या गाडीत कारणे ठरलेली असतात. आपल्याकडे कोर्ट नाही. बूट नाहीत. पंच त्यांचे होते. संघ उर्दू शाळेचा किंवा मोहल्ल्याचा असेल तर चौथे कारण हळू आवाजात येते: आपल्याला कोण पुढे जाऊ देतो?

या चारही कारणांत थोडेफार तथ्य असते, हे मी नाकारत नाही. सोयींची विषमता खरी आहे आणि भेदभावाचा अनुभवही काल्पनिक नाही. त्यावर बोलले पाहिजे, लिहिले पाहिजे. पण सामन्याची स्कोअरशीट हातात घेऊन शांतपणे पाहिली तर तिथे पाचवे कारण दिसते आणि ते सर्वांत मोठे असते. संघाला थांबता येत नव्हते, वळता येत नव्हते, डाव्या हाताने रिंगजवळ बॉल टाकता येत नव्हता आणि रिबाउंडच्या वेळी मागे वळून आपला माणूस अडवता येत नव्हता. यातले काहीही कोर्ट नसल्यामुळे अडलेले नव्हते. ते कोणी शिकवलेच नव्हते.

माझे म्हणणे साधे आहे. बास्केटबॉलमध्ये जे सर्वांत जास्त सामने जिंकून देते, त्याला सर्वांत कमी सामान लागते. आणि म्हणूनच ज्यांच्याकडे सामान कमी आहे, त्यांनी तर तेच आधी शिकवायला हवे.

आकडे काय सांगतात

डीन ऑलिव्हर या अमेरिकन विश्लेषकाने २००४ साली बास्केटबॉलच्या आकडेवारीवर एक पुस्तक लिहिले. सामना कोण जिंकतो, हे ठरवणाऱ्या चार गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. शॉट किती चांगले बसतात, बॉल किती वेळा फुकट हातातून जातो, चुकलेल्या शॉटचा रिबाउंड कोण घेतो आणि फ्री थ्रोवर किती गुण मिळतात. त्याने त्यांना अंदाजे वजनही दिले: ४०, २५, २० आणि १५ टक्के. म्हणजे शॉट सर्वांत महत्त्वाचा, पण उरलेल्या तीन गोष्टी मिळून त्याच्यापेक्षा जड. आपल्या मुलांचा सगळा सराव मात्र शॉटचा, तोही तीन गुणांच्या रेषेबाहेरून, कारण मोबाइलवर तेच पाहिलेले असते.

एक हिशेब करून पाहू. समजा, सामन्यात दोन्ही संघांना प्रत्येकी ६० वेळा बॉलचा ताबा मिळाला. पहिल्या संघाने २० वेळा बॉल फुकट घालवला. कधी ट्रॅव्हलिंग, कधी चुकीचा पास, कधी ड्रिबल करताना पायावर. त्याच्याकडे ४० शॉट उरले. दुसऱ्या संघाने १० वेळाच घालवला, त्याला ५० शॉट मिळाले. दोघांची नेमबाजी सारखीच, १०० पैकी ४०. पहिल्याचे १६ बास्केट, ३२ गुण. दुसऱ्याचे २० बास्केट, ४० गुण. आठ गुणांचा फरक पडला आणि दुसऱ्या संघाचा एकही मुलगा पहिल्यापेक्षा चांगला नेमबाज नव्हता. तो फक्त दोन पायांवर नीट थांबत होता आणि पास देण्याआधी पाहत होता.

आता यात फ्री थ्रो मिळवा. रिंगपासून साडेचार मीटरच्या आसपास रेषा, समोर कोणी अडवणारा नाही, घड्याळ थांबलेले. जगातला सर्वांत निवांत शॉट. १५ पैकी ५ बसले की १० बसले, यात आणखी पाच गुण. शालेय पातळीवरचे कितीतरी सामने याहून कमी फरकाने सुटतात.

या खेळाचा जन्मच मुळी पायांच्या शिस्तीतून झाला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ शोधला. त्याने १३ नियम लिहिले आणि त्यातला कळीचा नियम होता की बॉल घेऊन पळायचे नाही. पळायचे नाही म्हटल्यावर थांबावे लागते, पाहावे लागते, दुसऱ्याला द्यावे लागते. रिंग डोक्यापेक्षा उंच, म्हणून जोरापेक्षा नेम लागतो. हे दोन विचार ज्याला समजले, त्याला बास्केटबॉल अर्धा समजला.

नागपाड्याने काय केले

मुसलमान मुले आणि बास्केटबॉल, हे नाते महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ साली नागपाडा नेबरहूड हाउस उभे केले. गिरणी आणि गोदीच्या आसपासची, दाट वस्तीची, कष्टकऱ्यांची ही जागा. याच मॅन्शार्ट यांच्या पुढाकारातून १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था सुरू झाली, जिला आज आपण टीस म्हणून ओळखतो. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला तो अशा संस्थांच्या अंगणात. बच्चू खान यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे झाले. गुलाम अब्बास मुंतसिर याच वस्तीतून आले, भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

नागपाड्याचा खेळ म्हटले की लोकांना वेग आठवतो, चकवा आठवतो, न पाहता दिलेला पास आठवतो. त्यामुळे आपल्याकडे समज झाला आहे की तिथली मुले जन्मजात हुनर घेऊन आली. मला हे पटत नाही. चकवा तोच देऊ शकतो ज्याचा एक पाय जमिनीत खिळ्यासारखा रुतून दुसरा फिरू शकतो. न पाहता पास तोच देतो ज्याने पाहून हजारो पास दिलेले असतात. एका वस्तीत रोज संध्याकाळी एकच खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तेव्हा लहान मुलगा मोठ्याला पाहून शिकतो, मोठा त्याला हाताला धरून दुरुस्त करतो. रियाज आहे म्हणून नजाकत आहे. आपण नजाकत उचलायला जातो आणि रियाज नागपाड्यातच ठेवून येतो.

तिथला दुसरा धडा आणखी महत्त्वाचा आहे. नागपाड्याकडे मोठे स्टेडियम नव्हते. वस्तीच्या मधोमध कोर्ट होते आणि ते रोज वापरात होते. दूरच्या भव्य संकुलापेक्षा दारातला एक खांब मुलांना जास्त शिकवतो.

मोजे घालायला शिकवणारा प्रशिक्षक

करीम अब्दुल-जब्बार हे नाव बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनीही ऐकलेले असते. एनबीएमध्ये ३८,३८७ गुण, सहा विजेतेपदे आणि २०२३ पर्यंत अबाधित राहिलेला सर्वाधिक गुणांचा विक्रम. उंची सात फुटांच्या वर. पण त्यांना जगात ओळख मिळाली ती एका साध्या दिसणाऱ्या शॉटने, स्काय हुक. तो उंचीने येत नाही. एका पायावर वळायचे, खांदा रिंगकडे करायचा, हात पूर्ण ताणून मनगटाने बॉल सोडायचा. शालेय वयात ते एक साधा सराव करत. रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या बाजूने उजव्या हाताने, एकदा डाव्या बाजूने डाव्या हाताने, बॉल खाली पडू न देता. जॉर्ज मायकन या जुन्या खेळाडूच्या नावाने तो सराव आजही ओळखला जातो. पुढे १९६७ साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धांत डंक मारण्यावर बंदी आली, ती १९७६ पर्यंत टिकली. उंच खेळाडूचे सर्वांत सोपे हत्यार काढून घेतले गेले, तेव्हा हा जुना रियाज कामी आला.

करीम यांचे महाविद्यालयीन प्रशिक्षक जॉन वुडन. त्यांच्या संघाने १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि एका काळात सलग ८८ सामने जिंकले. देशभरातून निवडून आलेल्या त्या मुलांना वुडन पहिल्या दिवशी काय शिकवत? मोजे आणि बूट कसे घालायचे. मोज्याला सुरकुती पडली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो. इतका सरळ हिशेब.

१९७४-७५ च्या हंगामात दोन शिक्षणतज्ज्ञ, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प, वुडन यांच्या सरावाला बसले आणि ते मुलांना काय काय बोलतात याची त्यांनी नोंद केली. दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहितीच्या होत्या: पाय असा ठेव, पास छातीवर दे, आधी पाहा. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास आणि रागावणेही तितकेच. आपल्याकडच्या सामन्यात बाजूच्या रेषेवरून येणारा आवाज आठवून पाहा. 'अरे काय करतोस!', 'मार ना!', 'पळ!', 'शाबास!' यातून मुलाला सरांचा मूड कळतो, पुढच्या वेळी पाय कुठे ठेवायचा हे कळत नाही.

हकीम ओलाजुवान यांचे उदाहरणही इथे घ्यायला हवे. नायजेरियाच्या लागोसमधला हा मुलगा १५ व्या वर्षापर्यंत बास्केटबॉल खेळला नव्हता. तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, हँडबॉल खेळत होता. पायांची चपळाई तिथून आली आणि पुढे त्यांच्या पदन्यासाची नक्कल करायला मोठमोठे खेळाडू त्यांच्याकडे शिकायला गेले. १९९५ च्या फेब्रुवारीत रमजान होता. रोजे ठेवून ते सामने खेळले आणि त्या महिन्याचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. आपल्या प्रशिक्षकांनी यातून 'रोज्यातही दमवा' असा अर्थ काढू नये. लहान मुलांचे शरीर आणि व्यावसायिक खेळाडूचे शरीर यांत फरक आहे. रमजानात पळापळ कमी करून इफ्तारनंतर अर्धा तास फ्री थ्रो आणि पदन्यास घेता येतो. रियाज खंडित होऊ नये, एवढेच त्यातून घ्यावे.

चितेगावात काय लागेल

आता हे सगळे आपल्या मातीत आणून पाहू. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चितेगाव लागते. पुढे बिडकीन, त्यापुढे पैठण आणि जायकवाडी. एकेकाळी चितेगावची ओळख म्हणजे व्हिडिओकॉनचा कारखाना. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ज्या घरांचे पगार त्यावर होते त्यांना झळ बसली. गावात शेतकऱ्यांची मुले आहेत, कामगारांची आहेत, परजिल्ह्यातून आणि परराज्यातून कामाला आलेल्यांची आहेत. घरी दखनी बोलणारी, मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी मुले एका वर्गात बसतात. संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचे क्रिकेट चालते. अशा गावात बास्केटबॉलचा संघ उभा करायचा तर कशाने सुरुवात करावी?

२८ बाय १५ मीटरचे कोर्ट नाही म्हणून थांबू नये. एक सपाट तुकडा, एक भिंत, खडू आणि एक खांब पुरे. खांबावर बोर्ड आणि रिंग गावातला वेल्डिंगवाला करून देतो. रिंगची उंची मात्र ३.०५ मीटर नेमकी मोजून घ्यावी, लहान गटासाठी थोडी कमी चालेल. मग रोज दीड तास. त्याची वाटणी मी अशी करीन.

पहिली १५ मिनिटे पाय. बॉल नाहीच. शिट्टी वाजली की पळायचे, दुसऱ्या शिट्टीला दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. मग एक पाय खिळवून दुसऱ्याने पुढे, मागे, बाजूला फिरायचे. बारा मुलांना बारा बॉल लागत नाहीत, एकही लागत नाही. ट्रॅव्हलिंगच्या निम्म्या चुका इथेच मरतात.

पुढची २० मिनिटे ले-अप. उजव्या बाजूने उजवा हात, डाव्या बाजूने डावा. बॉल बोर्डवरच्या चौकोनाच्या कोपऱ्याला लागला पाहिजे. आपल्या मुलांचा डावा हात जेवताना जसा बाजूला राहतो तसा खेळतानाही राहतो आणि समोरचा संघ पाच मिनिटांत हे ओळखतो. मग तो उजवी बाजू बंद करतो आणि आपला उत्तम मुलगा निकामी होतो. महिनाभर डाव्या हाताचे ले-अप आधी, उजव्याचे नंतर, एवढा एक बदल केला तरी संघ वेगळा दिसेल.

१५ मिनिटे पास. छातीचा पास, टप्पा पास, डोक्यावरून पास. भिंतीवर खडूने खूण करून एकट्याने, मग जोडीने, मग मध्ये अडवणारा ठेवून. पास घेणाऱ्याने हात दाखवायचे आणि बॉलकडे एक पाऊल पुढे यायचे. उभे राहून वाट पाहणाऱ्याचा बॉल पळवला जातो.

१५ मिनिटे बचाव. पाय खांद्यापेक्षा रुंद, बूड खाली, हात उघडे आणि नजर समोरच्याच्या कमरेवर. डोळे फसवतात, बॉल फसवतो, खांदे फसवतात; कंबर जिथे जाते तिथे माणूस जातो. पाय एकमेकांवरून न टाकता बाजूला सरकत जायचे. हा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत लोकशाहीवादी. यात उंची लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत, शहरातली शाळा लागत नाही.

१० मिनिटे बॉक्स आउट. शॉट गेला की बॉलकडे पाहत उभे राहायचे नाही. आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठीने अडवायचे, मगच बॉलकडे वळायचे. पाच फूट दोन इंचांचा मुलगा पाच फूट आठ इंचांच्या मुलाकडून रिबाउंड कसा घेतो, याचे उत्तर एवढेच आहे.

उरलेली १५ मिनिटे तीनविरुद्ध तीन सामना, अर्ध्या जागेत. पाचविरुद्ध पाचमध्ये दोघे लपतात, तीनमध्ये कोणालाच लपता येत नाही. प्रत्येक भागानंतर, धाप लागलेली असताना, प्रत्येकाने दोन फ्री थ्रो. सामन्यात फ्री थ्रो दमल्यावरच मिळतात, म्हणून सरावही दमल्यावरच. आणि प्रत्येकाची नोंद वहीत. वही हे गरीब प्रशिक्षकाचे सर्वांत स्वस्त यंत्र आहे. कोणत्या मुलाने महिन्यापूर्वी दहांत किती टाकले आणि आज किती, हे त्याला दाखवता आले तर भाषण द्यावे लागत नाही.

तालीम शब्दाचे दोन अर्थ

काही जण म्हणतील, मुले कंटाळतील. तिसऱ्या दिवशी विचारतील, 'सर, मॅच कब खेलनेका?' हे खरे आहे. पण कंटाळ्याचे काय करायचे, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे.

मराठीत तालीम म्हणजे आखाडा, जिथे पैलवान रोज तेच जोर, त्याच बैठका मारतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. एकच शब्द दोन भाषांत राहायला गेला आणि दोन्हीकडे मूळ अर्थ टिकवून आहे: रोज, परत, पहिल्यापासून. मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला पाहा. नवा सबक रोज थोडाच असतो. त्याआधी कालचा ऐकवावा लागतो आणि जुने पारे फिरून फिरून म्हणावे लागतात. उस्ताद नवीन सबक द्यायला तेव्हाच तयार होतो जेव्हा जुना पक्का असतो. आपल्या घराघरांत हे चालते आणि ही पद्धत निरर्थक आहे असे कोणी म्हणत नाही. तिकडे पैठणीच्या मागावर बसणारी कारागीर पहिल्या दिवशी मोर विणत नाही, आधी साधा धागा नीट ठेवायला शिकते. मग बास्केटबॉलच्या कोर्टवरच आपल्याला पहिल्या आठवड्यात मोर का हवा असतो?

कंटाळ्यावर आणखी एक उपाय आहे. प्रत्येक सरावाला गुण लावा. दोन रांगा करा, एका मिनिटात डाव्या हाताचे ले-अप कोणाचे जास्त. हरलेल्या रांगेने बॉल उचलून ठेवायचे. मुलांना सामना हवा असतो. त्यांना छोटे छोटे सामने द्या, विषय तोच ठेवा.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापकांचा असतो. तीन महिने पाय आणि पास शिकवले आणि पहिल्या स्पर्धेत तरीही हरलो तर? शक्य आहे. पाया शिकणारा संघ सुरुवातीला सावध खेळतो, अडखळतो. पण आठ दिवसांत जमवलेला संघ दरवर्षी नव्याने हरतो आणि दरवर्षी शून्यापासून सुरू होतो. सहावीत पाया शिकलेली मुले दहावीत एकत्र असतात. तेव्हा समोरच्या इंग्रजी शाळेला चार वर्षांचा संघ भेटतो. यासाठी सरांनी निवड उंचीवर करणे थांबवले पाहिजे. सहावीतला सर्वांत उंच मुलगा दहावीत सर्वांत उंच राहीलच असे नाही आणि ज्याला बुटका म्हणून परत पाठवले तो दोन वर्षांत वाढलेला असतो, फक्त आता तो क्रिकेट खेळत असतो.

मुलींचे काय

या विषयात खरी कसोटी मुलींच्या संघाची आहे. आठवीपर्यंत मुलगी मैदानात दिसते, नववीत दिसत नाही. कारणे सगळ्यांना माहीत आहेत आणि ती फक्त मुसलमान घरांतली नाहीत. शिकवणी, घरकाम, मैदानाच्या कडेला उभी राहणारी टवाळ पोरे, परतताना होणारा अंधार. मुसलमान घरांत एक कारण वाढते, कपड्यांचे.

या कारणावर आता उत्तर आहे. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाला हिजाब काढा असे सांगितले गेले आणि त्यांनी खेळण्याऐवजी माघार घेतली. अमेरिकेत बिल्किस अब्दुल-कादिर या मुलीने मॅसॅच्युसेट्स राज्यात शालेय स्तरावर मुला-मुलींत सर्वाधिक गुणांचा विक्रम केला, हिजाब घालून महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळली, पण जागतिक महासंघाच्या नियमामुळे तिची व्यावसायिक वाट अडली. तिच्यासारख्या खेळाडूंनी आवाज उठवला आणि मे २०१७ मध्ये महासंघाने नियम बदलला. १ ऑक्टोबर २०१७ पासून ठरावीक रंग आणि सुरक्षेच्या अटी पाळून डोके झाकून खेळता येते. पूर्ण बाह्या आणि लेगिंग्जही चालतात. ज्या मुलीला डोके झाकायचे आहे तिने झाकावे, जिला नाही तिने तसे खेळावे. नियमाने दार उघडले आहे. आता ते आपल्या बाजूने बंद राहू नये.

बाकीची कारणे प्रशिक्षकाच्या आणि पालकांच्या हातात आहेत. मुलींचा सराव शाळा सुटल्या सुटल्या, शाळेच्याच आवारात, अंधाराच्या आत संपणारा हवा. आठवड्यातून एकदा आईला बोलावून फ्री थ्रोची वही दाखवावी. आपल्या लेकीचा आकडा वाढताना पाहिलेली अम्मी पुढच्या वर्षी तिला सहज घरी बसवणार नाही. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, म्हणजे महाराष्ट्रातून ही वाट जाते हे सिद्ध आहे. पैठण रस्त्यावरून ती का जाऊ नये?

जिंकणे महत्त्वाचे का

शेवटी एक प्रश्न उरतो. खेळ आनंदासाठी असतो, जिंकण्याचा एवढा हट्ट कशाला? हे वाक्य बहुधा ज्यांच्याकडे जिंकण्याचे इतर मार्ग आहेत त्यांच्याकडून येते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला स्पर्धांतल्या कामगिरीवर वाढीव गुण मिळतात. शहरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, तिथपर्यंत पोहोचायला जिल्ह्यात आणि विभागात नाव दिसावे लागते. कामगाराच्या घरात या गोष्टींची किंमत वेगळी असते. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलाला 'खेळ आनंदासाठी असतो' हे सांगणे सोपे, पण त्याला डावा हात शिकवणे जास्त प्रामाणिक.

यापलीकडेही एक गोष्ट आहे. फक्त हुनरवर चालणाऱ्या संघात एकच मुलगा खेळतो, चौघे त्याला बॉल देतात आणि बाकीचे बेंचवरून पाहतात. पायावर उभ्या असलेल्या संघात बुटका, लाजरा, परगावाहून आलेला, मराठी अडखळत बोलणारा मुलगाही अडवू शकतो, रिबाउंड घेऊ शकतो, दोन फ्री थ्रो टाकून सामना वाचवू शकतो. ज्या गावात वेगवेगळ्या भाषांची आणि जातीधर्मांची मुले एकत्र राहतात, तिथे अशा संघाची गरज स्कोअरबोर्डपेक्षा मोठी आहे. पास द्यायला समोरच्याचे आडनाव लागत नाही, त्याने हात दाखवलेला असला की पुरते.

पंचांशी भांडण जरूर करा, तक्रार लेखी द्या, कोर्टासाठी ग्रामपंचायतीकडे आणि क्रीडा कार्यालयाकडे अर्ज करा. हे सर्व आपला हक्क आहे. पण अर्जाचे उत्तर यायला वर्ष लागेल. तोवर भिंत आहे, खडू आहे, बारा मुले आहेत. पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे. त्या मुलांना उद्या संध्याकाळी बोलवा आणि दोन पायांवर थांबायला शिकवा.